जाड, लांब केसांचं कार्पेट आणि व्हॅक्यूम क्लिनर : खान्देशातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गालिचे आणि सोफे धुण्याचं आमचं काम जळगावात चालतं. धुळे, अमळनेर, भुसावळ, शहादा इथूनही फोन येतात आणि त्यातले निम्मे धुण्यासाठी नसतातच. मशीन घेतलंय, पण जाड कार्पेट काही स्वच्छ होत नाही, अशी तक्रार असते. तीच तीच उत्तरं फोनवर देण्यापेक्षा इथे एकदा सविस्तर लिहून ठेवली आहेत. आम्ही मशीन विकत नाही, त्यामुळे कुठल्या कंपनीचं घ्यावं हे इथे सापडणार नाही.

१६०० वॅटचं मशीन आहे. तरी कार्पेट उचलून झटकलं की खाली मातीचा थर! मशीन खराब निघालं का?

बहुतेक वेळा मशीन चांगलं असतं. "मशीन ओढस पन माटी निंघत नही," असं आमच्याकडे येणारे लोक म्हणतात आणि त्यांचं दोन्ही खरं असतं.

खोक्यावर छापलेले १६०० वॅट म्हणजे मशीन बोर्डातून किती वीज घेतं तो आकडा. कार्पेटमधून किती माती काढतं, हे त्यावरून कळत नाही. युरोपियन युनियनने घरगुती व्हॅक्यूम क्लिनरवर सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॅटची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची मर्यादा घातली. तिथली घरं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कार्पेटची, तरी कंपन्यांनी पंखा, नळी आणि नोझल (नळीच्या टोकाचं तोंड) सुधारून तेवढ्या विजेत काम भागवलं. आपल्याकडे दुकानदार अजूनही वॅटवरच मशीन विकतो.

खरं काम वाहती हवा करते. धुळीला हात घालून ओढणारं मशीनमध्ये काहीच नसतं. हवा जोरात वाहते आणि जाता जाता धूळ घेऊन जाते. फरशीवर नोझल आणि लादी यांच्यात बारीक फट उरते, हवा तिथून सुसाट जाते, लादी लखलखीत होते. जाड कार्पेटवर नोझल केसांच्या शेंड्यांवर टेकतं. हवेला शेंड्यांमधून आडवं शिरण्याची सोपी वाट मिळते आणि ती तिथूनच जाते. उभ्या दादरच्या (ज्वारीच्या) शेतावरून वारा गेला की कणसं डोलतात, बुडाशी पडलेला पाला जागचा हलत नाही, तसंच इथे होतं. माती बुडाशी आहे आणि वारा शेंड्यांवर.

बुडाशी पोचायचं तर केस हलवणारं, वेगळे करणारं काहीतरी लागतं : फिरता ब्रश, कार्पेटच्या पाठीवर बसणारे धपके किंवा तुमचा धीराचा हात. म्हणून जाड कार्पेटवाल्या घराने आधी नोझल बघावं, मग मोटर.

पण खोक्यावर 'कार्पेटसाठी उत्तम' असं लिहिलेलं असतं ना?

कुठलं कार्पेट, ते लिहिलेलं नसतं. विजेच्या उपकरणांची मानकं ठरवणाऱ्या आयईसी या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत जे कार्पेट वापरतात ते विल्टन, म्हणजे आखूड, घट्ट, कापलेल्या केसांचं. त्यावर भारी ठरलेलं मशीन तुमच्या बोटभर केसांच्या कार्पेटवर, म्हणजे शॅगवर, तसंच चालेल याची हमी कुणी देत नाही. अमेरिकेतल्या एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या चाचणीत ९० टक्के वाळू आणि १० टक्के टाल्कम पावडर असं मिश्रण कार्पेटमध्ये दाबून बसवतात आणि मग किती परत निघतं ते वजनावर मोजतात. ही पद्धत घरच्या अनुभवाच्या जवळची आहे, कारण माती नुसती वर पडलेली नसते, पायाखाली दाबली गेलेली असते.

आणखी एक गंमत. युरोपात या मशीनवर वीज-कार्यक्षमतेचं लेबल असायचं. ती चाचणी डबा किंवा पिशवी रिकामी ठेवून केली जाते, या मुद्द्यावर व्हॅक्यूम क्लिनर बनवणारी डायसन कंपनी न्यायालयात गेली आणि २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने लेबलाचा तो नियमच रद्द केला. घरात रिकाम्या डब्याने कोण किती वेळ झाडतं?

आमचं कार्पेट 'जाड' आहे का, हे कसं ओळखायचं?

पट्टी उभी धरा आणि केसांच्या मुळापर्यंत टेकवा. सहा मिलिमीटरच्या आत असेल तर आखूड, सहा ते बारा मध्यम, बारा मिलिमीटरच्या वर म्हणजे लांब केसांचं. शॅग म्हणून विकतात ते सहसा अडीच सेंटिमीटरपासून पुढे, कधी पाच सेंटिमीटरपर्यंत.

उंचीइतकीच दाटीही महत्त्वाची. दोन बोटांनी केस बाजूला सारा. पाठ लगेच दिसली तर कार्पेट विरळ आहे. माती पटकन आत जाते, पण पटकन निघतेही. केस सारूनही पाठ दिसत नसेल तर माती आत जायला वेळ लागतो, आणि एकदा गेली की तिला बाहेर काढणं हे खरं काम.

तिसरी गोष्ट, केसांचं टोक कापलेलं आहे की धागा वळून परत आत गेलाय, म्हणजे वेटोळं आहे. हे पुढच्या उत्तरात कामाला येईल.

फिरत्या ब्रशचं मशीन घेतलं की प्रश्न मिटला?

मध्यम जाडीपर्यंत, हो, बराचसा. फिरता ब्रश ही कल्पना मुळात कार्पेटसाठीच जन्मली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जेम्स मरे स्पँगलर नावाचा झाडलोट करणारा कामगार होता. कार्पेट झाडताना उडणाऱ्या धुळीने तो बेजार व्हायचा. त्याने पंखा, फिरता ब्रश आणि कापडी पिशवी एकत्र केली आणि १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. तेच पुढे हूवर कंपनीचं मशीन झालं. त्याच्या आधी, १९०१ मध्ये, इंग्लंडमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ यांनी नुसत्या ओढीवर चालणारं मशीन बनवलं होतं. ते इतकं अवजड होतं की घोडागाडीवरून घराबाहेर आणून उभं करायचे आणि लांब नळ्या खिडकीतून आत सोडायचे. आपल्याकडचे बहुतेक डबा-नळीवाले घरगुती मशीन आजही बूथसाहेबांच्याच वाटेने चालतात : ओढ भरपूर, ब्रश स्थिर.

पण शॅगवर फिरता ब्रश उलटतो. लांब केस रोलरभोवती गुंडाळले जातात, ब्रश अडकतो, बेल्ट घासून रबर जळाल्याचा वास येतो. काही मशीन स्वतःहून बंद पडतात, ते बरंच. बंद न पडणारं मशीन केस उपटतं. हाताने विणलेल्या लोकरीच्या गालिच्यावर जोरकस ब्रश वारंवार फिरवला तर धागे पिंजले जातात, वर बोंडं येतात. वेटोळ्याच्या कार्पेटमध्ये एक वेटोळं ब्रशमध्ये सापडलं तर स्वेटरचा धागा निघावा तशी रांगच्या रांग उसवते.

घेताना दोनच गोष्टी विचारा. ब्रश वेगळा बंद करता येतो का? आणि नोझलची उंची वर-खाली होते का? दोन्हीला 'हो' आलं तर आखूड कार्पेटवर ब्रश चालू, मध्यमवर उंची वाढवून चालू, शॅगवर ब्रश बंद आणि फक्त ओढ, असा वापर जमतो. दोन्हीला 'नाही' असेल तर ते मशीन तुमच्या कार्पेटसाठी नाही, विक्रेता काहीही सांगो.

नोझल कार्पेटला असं चिकटतं की ढकलवतच नाही. आवाजही चढतो. जळेल का मोटर?

दाट आणि मऊ कार्पेटवर नोझल आत रुततं, चारी बाजूंनी केस त्याला घेरतात आणि हवेची वाटच बंद होते. ओढ जास्त, हवा शून्य. मग नोझल चिकटतं आणि माती मात्र येत नाही. मोटरचा आवाज बारीक होत वर चढतो, याचं कारण पंख्याला ढकलायला हवाच नसते, तो मोकळा गरगरतो. लोकांना वाटतं मशीन जोर लावतंय. प्रत्यक्षात ते रिकामंच फिरतंय.

उपाय तुमच्या हातातच असतो. नळीच्या मुठीवर सरकणारी छोटी खिडकी असते, ती थोडी उघडा. थोडी ओढ वाया जाईल, नोझल सुटं होईल आणि हवा पुन्हा वाहू लागेल. माती जास्त निघते, कमी नाही. ही खिडकी कशासाठी आहे हे बहुतेक घरांत माहीत नसतं. आम्ही तर ती सेलोटेपने बंद केलेलीही पाहिली आहे.

मोटरचं म्हणाल, तर साध्या कोरड्या मशीनमध्ये ओढलेली हवाच मोटरवरून जाते आणि तिला थंड ठेवते. वाट तुंबली की मोटर तापते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर असताना तर लवकरच. उष्णतेचा कटआउट असलेलं मशीन बंद पडतं आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा चालू होतं. अशा वेळी सर्व्हिस सेंटरला फोन करण्याआधी डबा, फिल्टर, नळी बघा. वेट अँड ड्राय, म्हणजे पाणीही ओढणाऱ्या मशीनमध्ये मोटर थंड करणारी हवा सहसा वेगळ्या वाटेने येते, त्यामुळे ती याबाबतीत जरा सोशिक असतात.

आपल्याकडच्या मातीचा काही वेगळा त्रास आहे का?

आहे, आणि परदेशी व्हिडिओ बघून मशीन निवडणाऱ्यांना हाच भाग कळत नाही.

तापी, गिरणा, पांझरा, बोरी यांच्या काठची काळी कपाशीची माती चिकणमातीची आहे. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनपेक्षा लहान धरतात. उन्हाळ्यात ती भेगाळते, रस्त्यावर तिचा फुफाटा होतो आणि चपलेला, सायकलीला, वाऱ्याला चिकटून घरात येतो. लांब केसांच्या कार्पेटमध्ये हे कण सरळ बुडाशी जाऊन बसतात. डोळ्यांना काही दिसत नाही, फक्त फिकट कार्पेट हळूहळू राखाडी होतं.

हीच माती ओली झाली की फुगते आणि चिकट होते. म्हणून आमचा एकच हट्ट असतो : आधी पूर्ण कोरडं साफ करा, मगच पाण्याचा विचार. कोरडी माती न काढता ओल्या फडक्याने पुसलं किंवा शाम्पू ओतला तर बुडाशी चिखल होतो आणि तो वाळून केसांच्या मुळाशी घट्ट बसतो. त्यानंतर घरचं कुठलंही मशीन त्याला हलवू शकत नाही.

साक्री, नवापूरकडच्या डोंगराळ भागात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी मुरमाड जमीन. तिथला कण जाड, खरखरीत. तो मशीनने लवकर निघतो, पण नाही काढला तर पाय पडेल तसा केसांना मुळाशी कापत राहतो. दारापासून सोफ्यापर्यंतचा पट्टाच आधी टकला होतो, त्याचं हे एक कारण.

गावाकडे धाब्याचं घर असेल तर वरूनही माती गळते. तिथे जाड कार्पेट अंथरूच नका, सतरंजी टाका. हे मत झालं, पण ठाम आहे.

मग नीट साफ करायची पद्धत सांगा.

कार्पेट सुटं असेल, म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेलं नसेल, तर सुरुवात उलट्या बाजूने करायची. कार्पेट पालथं घाला. खाली केस, वर पाठ. आता पाठीवरून मशीन फिरवा. फिरता ब्रश असेल आणि पाठ मजबूत असेल तर तो चालू ठेवून. पाठीला बसणाऱ्या हादऱ्यांनी बुडाची माती सुटते आणि स्वतःच्या वजनाने खाली फरशीवर पडते. जी माती वरून ओढायला तासभर झगडावं लागतं, ती अशी पाच-दहा मिनिटांत खाली येते. ब्रश नसेल तर पाठीवर हाताने किंवा वेताच्या काठीने धपके द्या. मग कार्पेट उचला, खालची माती बघा (एकदा बघितलीत की पुढच्या वेळी आळस करणार नाही), ती झाडून घ्या आणि पुन्हा तेच करा. दुसऱ्या वेळी माती बरीच कमी पडेल. पडत नाहीशी झाली की कार्पेट सरळ करा.

आता वरून. इथे घाई केली की सगळं वाया. फरशीवर आपण नोझल झपाझप मागे-पुढे करतो, तोच हात कार्पेटवरही चालतो. एक मीटर अंतराला चार-पाच सेकंद द्या. पुढे ढकलताना हलक्या हाताने, मागे ओढताना सावकाश. कारण बहुतेक माती ओढतानाच येते. आधी केस ज्या दिशेला झोपतात त्या दिशेने जा, मग उलट दिशेने, म्हणजे झोपलेले केस उभे राहतात, आणि शेवटी आडवं. शॅग असेल तर रुंद नोझल काढून ठेवा आणि सोफ्याचं लहान नोझल लावा. एका हाताच्या बोटांनी केस बाजूला सारत दुसऱ्या हाताने नोझल मुळाशी न्या. वेळखाऊ आहे, पण शॅगला दुसरा मार्ग नाही. कडेच्या झालरीवर मशीन नेऊ नका, ती हाताने झटकायची.

भिंतीपर्यंत चिकटवलेलं जाड कार्पेट असेल तर पालथं घालता येत नाही. तिथे फिरता ब्रश आणि सावकाश हात एवढंच हाती उरतं, आणि वर्षातून एकदा बाहेरून मोठं मशीन बोलवावं लागतं.

किती वेळा करायचं?

वरून आठवड्यातून एकदा, येण्याजाण्याच्या पट्ट्यावर दोनदा. पालथं घालून महिन्यातून एकदा. होळीपासून मृगापर्यंत, वारा आणि फुफाटा असतो तेव्हा, पंधरा दिवसांनी. आखाजीला किंवा कानबाईला पाहुणे येऊन गेले की एक फेरी जास्तीची.

उन्हात टाकलं तर मशीनची गरज उरते का?

ऊन माती काढत नाही. ओल, वास आणि कीड यांवर त्याचा उपयोग होतो. आणि आपलं ऊन भलतंच कडक. पॉलिप्रॉपिलीनचे धागे सततच्या उन्हाने ठिसूळ होतात, लोकरीचा रंग उडतो, गमाने पाठ चिकटवलेल्या गालिच्याचा गम वाळून तडकतो. वैशाखात सकाळी नऊच्या आत गच्चीवर तासभर, पाठ वर करून टाका. दुपारी तापलेल्या स्लॅबवर टाकून झोपू नका.

नवीन गालिच्यातून डबा भरून लोकर निघते. गालिचा विरघळतोय का?

नाही. लोकरीच्या नव्या गालिच्यात कापताना राहिलेले सुटे तंतू असतात, ते काही महिने निघत राहतात. ब्रश बंद ठेवून फक्त ओढीने काढा, कमी होत जाईल.

मात्र जुन्या गालिच्याखाली फरशीवर पांढरी-पिवळसर पूड सापडत असेल तर ती घरातली धूळ नाही. पाठीला लावलेला लॅटेक्सचा गम म्हातारा होऊन भुगा होतोय. मशीन जितकं जोरात चालवाल तितका लवकर सुटेल. हा गालिचा आता जपून वापरायचा किंवा बदलायचा.

रोबो मशीन चालेल का?

फरशीवर आणि सतरंजीवर छान. जाड कार्पेटवर, स्पष्ट सांगायचं तर, नाही. बहुतेक रोबो साधारण दोन सेंटिमीटर उंचीचा काठ चढतात. शॅगच्या काठाशी येऊन काही परत फिरतात, काही चढून मध्येच पोट टेकून बसतात. झालरीचे धागे बाजूच्या ब्रशमध्ये गुंतले की तिथेच मुक्काम. पायरीवरून पडू नये म्हणून त्याच्या पोटाखाली इन्फ्रारेड सेन्सर असतात. काळा किंवा गडद रंग तो प्रकाश परत पाठवत नाही, त्यामुळे गडद नक्षी त्याला खड्डा वाटते आणि तो तिच्यावर जायला नकार देतो. पुसण्याचं ओलं फडकं लावलेला रोबो तर कार्पेटपासून लांबच ठेवा. काळ्या मातीचं आणि पाण्याचं काय होतं ते वर सांगितलं आहे.

बिनवायरचं, हातात धरायचं मशीन?

फिरता ब्रश त्यात असतो, ही जमेची बाजू. पण जाड कार्पेटवर जोराची सेटिंग लावावी लागते आणि त्या सेटिंगवर बॅटरी बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांच्या आत संपते. खोक्यावरची ४०-६० मिनिटं ही कमी जोराची. एका खोलीतला एखादा मध्यम जाडीचा गालिचा असेल तर चालेल. आणि बॅटरी दुपारी तापलेल्या खोलीत चार्ज करू नका. लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. रात्री लावा.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर चालवू का? बिल किती येईल?

घरचा ८००-९०० व्हीएचा इन्व्हर्टर हजार वॅटच्या पुढचं मशीन ओढू शकत नाही. १४०० वॅटचं मशीन सुमारे सहा अँपियर घेतं, म्हणजे साध्या सहा अँपियरच्या सॉकेटची मर्यादाच गाठतं. त्याला १६ अँपियरचं पॉवर सॉकेट द्या. मोबाइल चार्जरच्या एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. बिलाची काळजी सोडा : वीस मिनिटांना अर्धा युनिटसुद्धा लागत नाही.

वेट अँड ड्राय आहे. घरीच शाम्पू करून पाणी ओढून घेतलं तर?

आखूड कार्पेटला जमतं. लांब केसांना नाही, कारण बुडाशी गेलेलं पाणी नुसत्या नोझलने पूर्ण परत येत नाही आणि राहिलेली ओल दोन-तीन दिवसांत कुबट वास धरते. पावसाळ्यात तर हात लावू नका. करायचंच असेल तर फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा निवडा, कागदी पिशवी आणि कापडी फिल्टर काढून ठेवा, पाण्यासाठीचा स्पंज बसवा. कापडी फिल्टर तसाच ठेवून पाणी ओढलं की त्याच्यावर काळ्या मातीचा लेप बसतो. मग तो फिल्टर टाकूनच द्यावा लागतो.

पिशवीवालं बरं की डब्यावालं?

फुफाट्यासाठी आम्ही पिशवीवालं सुचवू, कारण रिकामं करताना ती धूळ पुन्हा घरात उडत नाही. पिशव्यांचा खर्च आहे, हे खरं. कुठलंही घ्या, बारीक माती फिल्टरची छिद्रं पटकन बुजवते. डबा अर्धा दिसत असला तरी ओढ गेलेली असते. जाड कार्पेटची एक फेरी झाली की फिल्टर अंगणात झटका. धुतलात तर पूर्ण एक दिवस वाळू द्या. ओलसर फिल्टर बसवला की पुढच्या धुळीचा चिखल तिथेच होतो.

घरात कुणाला दमा असेल तर हेपा फिल्टर बघा. अमेरिकी मापाने तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. मात्र झाकण, नळी ढिली असेल तर हवा फिल्टरला वळसा घालून बाहेर येते आणि हेपाचे पैसे पाण्यात जातात. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांना दमट हवा लागते, साधारण ५० टक्क्यांच्या वर आर्द्रता. म्हणजे आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते कमी आणि श्रावण-भाद्रपदात जास्त. बाळाला किंवा दमेकऱ्याला सफाई चालू असताना त्या खोलीत ठेवू नका. आणि खरं विचाराल तर अशा घरात शॅग नसलेलाच बरा.

रुई, केस, टिकल्या, गुलाल, शेव… यातलं मशीनने काय काय काढायचं?

रुईचे तंतू आणि बायकांचे लांब केस फिरत्या ब्रशभोवती दोरीसारखे आवळतात. जिनिंगजवळच्या घरांना हे सांगायला नको. दर फेरीनंतर कात्रीने कापून काढा, नाहीतर ब्रशच्या टोकाचं बेअरिंग जातं. टिकल्या मशीनने निघत नाहीत, हाताने वेचा. टाचण्या, सुया आधी चुंबकाने.

गुलाल आणि रांगोळी : पाणी नाही, घासणं नाही, ब्रश बंद. नोझल किंचित वर धरून फक्त ओढीने काढा. घासलं की रंग धाग्यात उतरतो.

शेव, फरसाण मशीनने येतं, पण तेल मागे राहतं आणि त्या जागी पुढची धूळ चिकटते. त्याच दिवशी तेवढी जागा कोरड्या कागदाने टिपा. भरीत पार्टी मात्र अंगणातच करा. केळीचा चीक लागला तर मशीन काहीच करू शकत नाही, तो डाग काळपट होऊन कायमचा बसतो. रावेर-यावलकडच्या मंडळींनी बागेतले कपडे बदलूनच गालिच्यावर बसावं. आणि वास जावा म्हणून खायचा सोडा टाकणाऱ्यांना हात जोडून विनंती : लांब केसांत तो बुडाशी जातो, सगळा परत निघत नाही, आणि जो निघतो तो फिल्टर बुजवतो.

दुकानात मशीन पारखायचं कसं?

घरून जुन्या गालिच्याचा किंवा जाड पायपुसण्याचा तुकडा न्या. त्यावर मूठभर बारीक वाळू टाका, हाताने रगडून आत घाला आणि मग मशीन चालवायला सांगा. नंतर तुकडा पालथा करून पांढऱ्या कागदावर झटका. विक्रेता गादीवर मशीन फिरवून कापडावरची काळी धूळ दाखवेल, ती कुठल्याही गादीतून कुठल्याही मशीनने निघते. ते मशीन फिरून गेल्यावर आत किती राहिली, हे त्याला विचारा.

लांब केसांचं कार्पेट घ्यायचंच नाही का मग?

घ्या, पण जागा बघून. झोपण्याच्या खोलीत, पलंगाच्या कडेला, चपला जिथे पोचत नाहीत तिथे, आणि दोघांना उचलता येईल एवढ्याच आकाराचं. हॉलमध्ये, रस्त्याकडे उघडणाऱ्या दारासमोर घ्यायचं असेल तर बारा मिलिमीटरच्या आतलं, कापलेल्या केसांचं, जरा गडद. दाराबाहेर आणि दाराच्या आत अशी दोन खरखरीत पायपुसणी ठेवलीत तर मशीनचं बरंच काम वाचतं.

आमच्याकडे साधं डबा-नळीवालं मशीन आहे. फक्त फिरत्या ब्रशचं नोझल वेगळं मिळतं का?

मिळतं. दोन प्रकार आहेत. एक हवेवर फिरणारं, ज्याला टर्बो ब्रश म्हणतात. ते वीज घेत नाही, पण फिरण्यासाठी मशीनच्याच हवेतला जोर खातं, म्हणून आखूड कार्पेटवर ठीक आणि जाड कार्पेटवर टेकलं की थांबतं. दुसऱ्यात स्वतःची छोटी मोटर असते; ते दमदार, पण त्यासाठी नळीतून वीज नेणारी जोडणी तुमच्या मशीनला मुळातच असावी लागते. मागवण्याआधी नळीच्या टोकाचा व्यास मोजा. ३२ आणि ३५ मिलिमीटर ही नेहमीची मापं, आणि तीन मिलिमीटरच्या फरकाने नोझल एकतर बसत नाही किंवा बसून गळतं.